चारशे बारा निनावी फाइली

रुग्णालयाच्या तळघरातल्या सर्व्हरखोलीत ती शुक्रवारची बॅकअप टेप लावत होती, तेवढ्यात दार उघडलं आणि एक चाकाची खुर्ची आत आली. खुर्चीत टक्कल पडलेले एक वयस्क गृहस्थ होते. खुर्ची ढकलणाऱ्या तरुणाने खोलीभर नजर फिरवली.

"इथे शांत असेल असं वाटलं होतं," तो म्हणाला.

चार सर्व्हर, दोन एसी आणि शेजारी जनरेटरची खोली. पंख्यांची घरघर इतकी, की त्याला हे वाक्य दोनदा म्हणावं लागलं. तिने त्याच्याकडे नुसतं पाहिलं. मग त्याचं त्यालाच हसू आलं.

वर दुसऱ्या मजल्यावर भिंत फोडायचं काम चाललं होतं. त्याला या काकांचं बोलणं रेकॉर्ड करायचं होतं, म्हणून शांत कोपरा शोधत तो लिफ्टने एकेक मजला उतरत आला होता. तो वाचा-उपचार विभागात होता. मेंदूचा झटका येऊन ज्यांची वाचा गेली आहे त्यांना तो पुन्हा बोलायला शिकवायचा. वय बत्तीस, पण पेशंट त्याला मास्तर म्हणत. खुर्चीतले गृहस्थ निवृत्त बसकंडक्टर. पस्तीस वर्षं ज्या माणसाने आवाजावर गर्दी पुढे सरकवली, त्याच्या तोंडून तीन महिन्यांत 'हो', 'नाही' आणि 'पाणी' यापलीकडे काही निघालं नव्हतं.

काका तिच्या हाताकडे एकटक बघत होते. हातात टेप होती, काळी, चौकोनी, तळहातात मावेल एवढी. त्यांचे ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले.

"कॅ… कॅसेट."

मास्तरने खुर्ची सोडली आणि त्यांच्या समोर उकिडवा बसला. "पुन्हा दाखवता का जरा?" त्याने मागे न बघताच विचारलं. तिने टेप काकांच्या मांडीवर ठेवली. काकांनी तो शब्द आणखी दोनदा म्हटला, आणि तिसऱ्यांदा टेपवर बोट आपटून, चिडल्यासारखा म्हटला. तिघंही हसले. दोनची टेप त्या दिवशी अडीचला सुरू झाली, आणि हे तिच्या नोकरीत पहिल्यांदाच घडलं.

त्यानंतर तो अधूनमधून खाली येऊ लागला. कधी नवीन फाइली सर्व्हरवर चढत नाहीत म्हणून, कधी चढल्या की नाही ते विचारायला. ती त्याला थोडक्यात सांगायची. पडद्यावर काळ्या पाटीवर पांढरी अक्षरं, त्यात एक ओळ लिहायची, एंटर दाबायचं. सर्व्हरवरचं सगळं एकामागून एक टेपवर उतरायचं. आधी एक्सरे, मग त्याच्या पेशंटांची रेकॉर्डिंग, शेवटी कचेरीची पत्रं. माउस लागत नाही, चित्रं नाहीत.

"म्हणजे तुमच्या कामात बोलायला कुणी लागतच नाही," तो एकदा म्हणाला.

"लागत नाही."

"मग मी इथे येतो ते चालतं कसं?"

"टेप संपेपर्यंत चालतं," ती म्हणाली आणि पडद्याकडे वळली. कानाच्या पाळ्या गरम झाल्या होत्या. एसी सोळावर होता.

सगळं रुग्णालय तिला टेपताई म्हणायचं. वॉर्डबॉयपासून अधीक्षिकाबाईंपर्यंत सगळेच. हा एकटा म्हणत नव्हता. "अहो", "ऐका ना", "जरा…" अशी कसरत करून तो वाक्य सुरू करायचा. एकदा तिने विचारलंच, की सगळे म्हणतात ते तुम्हाला का जमत नाही. तो जिन्यापाशी थांबला. "शब्द अवघड नाही," तो म्हणाला. "नातं अवघड आहे." आणि दोन-दोन पायऱ्या ओलांडत वर गेला.

ती भाऊ-वहिनींकडे राहायची. वहिनीच्या नजरेतून काही सुटायचं नाही. शुक्रवारी केस धुवायचं हे नवीन खूळ कुठून आलं, एवढंच तिने विचारलं. टेप धूळ धरते, असं काहीतरी उत्तर मिळालं. वहिनी म्हणाली, "टेप भाग्यवान आहे."

असे सहा महिने गेले. त्याच काळात एकदा त्याने रेकॉर्डरची कार्डं भरली असल्याचं सांगितलं होतं, आणि ती म्हणाली होती, "टेपवर गेलं की कार्डं पुसून टाका. काळजी सोडा." त्याने सोडली. दर शुक्रवारनंतर तो कार्डं पुसत राहिला.

एका बुधवारी सकाळी, रेकॉर्डिंग ज्या डिस्कवर होती ती टकटक आवाज करू लागली आणि अकराच्या सुमारास बंद पडली. ती घाबरली नाही. डिस्क जाणारच असतात, त्यासाठीच तर टेप. तिने नवी डिस्क बसवली, शुक्रवारची टेप लावली आणि टेपवरच्या दुसऱ्या भागावर जायची आज्ञा दिली. यंत्राने उत्तर दिलं, की पुढे काही नाही. तिने टेप मागे गुंडाळून पहिला भाग वाचला. तिथे एक्सरे हवे होते. तिथे कचेरीची पत्रं होती.

ती थोडा वेळ त्या ओळींकडे बघत बसली. मग तिने स्वतः लिहिलेली ती आज्ञांची यादी उघडली.

टेपच्या यंत्राला दोन नावांनी हाक मारता येते. एका नावाने मारली, की काम झाल्यावर टेप आपोआप सुरुवातीला गुंडाळली जाते. दुसऱ्या नावाच्या आधी एक 'एन' असतो. मग टेप आहे तिथेच थांबते आणि पुढचा भाग पुढे लिहिला जातो. आठ महिन्यांपूर्वी नवा सर्व्हर आला तेव्हा तिने यादी नव्याने लिहिली होती, आणि त्यात तो 'एन' राहून गेला होता. दर शुक्रवारी एक्सरेंवर रेकॉर्डिंग लिहिली जात होती आणि रेकॉर्डिंगवर पत्रं. यंत्र दर वेळी 'काम पूर्ण' म्हणत होतं, आणि ते खोटंही नव्हतं. तिने एकदाही टेप परत वाचून बघितली नव्हती.

एक्सरे दुसऱ्या डिस्कवर सुखरूप होते. तिच्या आधी हे काम करणाऱ्या माणसाने निवृत्त होण्यापूर्वी लिहिलेल्या टेपाही नीट होत्या. गेली होती ती मधल्या आठ महिन्यांची रेकॉर्डिंग. आणि महिनाअखेरीला विश्वस्तांची बैठक होती. वाचा-उपचाराची खोली एक्सरे विभागाला द्यायची की राहू द्यायची, हे तिथे ठरणार होतं. मास्तर त्यांना पेशंटांचे आधीचे आणि नंतरचे आवाज ऐकवणार होता. दुसरा पुरावा त्याच्यापाशी नव्हता.

'डिस्क गेली' एवढंच सांगून भागलं असतं. टेपमधलं इथे कुणाला कळतं? हा विचार तिच्या मनात आला, आणि आला याचीच तिला लाज वाटली. ती जिना चढून दुसऱ्या मजल्यावर गेली. तो पेशंटजवळ होता, म्हणून वीस मिनिटं बाहेर बाकावर बसून राहिली. तो बाहेर आला तसा त्याचा चेहरा उजळला. तिला बघून नेहमीच उजळायचा, हे तिला नेमकं त्या क्षणी दिसलं.

तिने सगळं सांगितलं. एक अक्षर, आठ महिने, कार्डं पुसायला सांगितलेली तेही. कुठेही आडपडदा ठेवला नाही.

त्याने मध्ये एकदाही तोडलं नाही. शेवटी म्हणाला, "आता काय करता येईल?"

"डिस्क पूर्ण मेलेली नाही. कणाकणाने वाचायचा प्रयत्न करते. तीन दिवस लागतील. किती हाती येईल सांगता येत नाही."

"बरं," तो म्हणाला आणि आत गेला. दार त्याने हळूच लावलं. आपटलं असतं तर तिला बरं वाटलं असतं.

तिने अधीक्षिकाबाईंना लेखी कळवलं. बाईंनी लेखी समज दिली. मग ती खाली आली आणि मोडक्या डिस्कपाशी बसली. पडद्यावर आकडा सरकायचा, अडकायचा, पाच मिनिटं श्वास रोखून धरायचा, पुन्हा सरकायचा. वहिनी डबा भरून द्यायची आणि तो तसाच परत यायचा. त्या दिवसांत मास्तर खाली फिरकला नाही. दार वाजलं की तिची मान वळायची. कधी सफाईवाल्या मावशी असायच्या, कधी वीजतंत्री.

शनिवारी दुपारी डिस्कने शेवटचा टक दिला. सहाशेवर फाइलींपैकी चारशे बारा हाती लागल्या होत्या. पण नावं नव्हती. कुणाचा आवाज, कुठली तारीख, काहीच नाही. नुसते क्रमांक. तिने फोनवर कळवलं.

सोमवारी दोनला तो खाली आला. हातात दोन हेडफोन आणि एक वही होती. खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसला. "आवाज मी ओळखतो," तो म्हणाला. "नावं तुम्ही लिहा."

दोन आठवडे रोज दुपारी दोन ते पाच हेच चाललं. तो डोळे मिटून ऐकायचा, चार-पाच सेकंदांत सांगायचा, "शाळेतल्या बाई. तिसरा आठवडा." ती आज्ञा लिहून फाइलीला नाव द्यायची. सुरुवातीला कामापुरतंच बोलणं झालं. पण कानात मात्र तोच असायचा. प्रत्येक फाइलीत त्याचा आवाज: "घाई नाही… येईल… मी आहे ना इथे." आणि मग लांबच लांब थांबणं. एखाद्या आज्जीला 'खिडकी' म्हणायला पन्नास सेकंद लागायचे, आणि त्या पन्नास सेकंदांत तो खुर्चीसुद्धा हलू द्यायचा नाही. इतक्या धीराने थांबणारा माणूस तिने आजवर ऐकला नव्हता. तिच्या घरी तर भाऊ भाजी वाढेपर्यंतही थांबायचा नाही.

चौथ्या दिवशी त्याने तिच्यासाठी डब्यातली अर्धी पोळी काढून ठेवली. सहाव्या दिवशी तिने मागितली.

दोनशे एकोणनव्वद क्रमांकाची फाइल तिने उघडली तेव्हा पाच वाजायला आले होते. कंडक्टरकाकांचा आवाज तिने स्वतःच ओळखला. काका वाक्यं जुळवायला लागले होते, त्या सुमाराचं होतं.

"खाल…ची… मुलगी," काका म्हणत होते.

"हं. खालची मुलगी. पुढे?"

"खालची मुलगी… तुला…"

त्याचा हात झपकन माउसकडे गेला. तिने माउस आधीच उचलून घेतला होता.

"…तुला… आव…डते?"

रेकॉर्डिंगमध्ये शांतता पसरली. या वेळी काका वाट बघत होते. बाहेर कुठेतरी स्ट्रेचरची चाकं गेली. मग त्याचा आवाज आला, अगदी हळू: "हो." आणि काका खोकल्यासारखे हसले, बराच वेळ.

तिने हेडफोन काढून टेबलावर ठेवला. तो वहीच्या कोऱ्या पानाकडे बघत होता.

"तारीख?" तिने विचारलं.

"चार महिने झाले असतील."

"चार महिने तुम्ही फाइली चढल्या का ते विचारायला येत होता."

"दुसरं काही सुचत नव्हतं." त्याने मान वर केली. "लोकांना सांगतो, शब्द येईल, घाई नाही… स्वतःचा आला की गिळून टाकतो."

तिने माउस परत टेबलावर ठेवला. मग इतके दिवस विचारायचं राहिलेलं विचारलं. "तुमचं दोनशे वेळचं काम मी घालवलंय. ते परत येणार नाही. त्याचा राग नाही आला?"

"दोन दिवस खूप आला," तो म्हणाला. "खोटं कशाला सांगू. म्हणूनच खाली आलो नाही. पण तुम्ही जिना चढून आलात, बाकावर बसून राहिलात… डिस्क गेली म्हणाला असतात तर मला काय कळणार होतं? तिसऱ्या दिवशी राग संपला होता. मग नुसती लाज वाटत होती खाली यायची."

"मला वाटलं, आता कधीच येणार नाही."

"तुम्हाला वाईट वाटलं?"

"डबा तीन दिवस परत नेला मी," ती म्हणाली. तिच्या मते हे पुरेसं स्पष्ट होतं. त्याला तसं वाटलं नसावं. तो धीराने थांबून राहिला, जसा सगळ्यांसाठी थांबायचा. तिला हसू आलं. मग ती म्हणाली, "आवडता. मलाही. झालं आता?"

"झालं," तो म्हणाला, पण हात टेबलावर पुढे सरकवला. तिचाही तिथेच होता.

विश्वस्तांच्या बैठकीत त्याने अकरा जणांचे आवाज ऐकवले. बाराव्याला खुद्द नेलं. कंडक्टरकाकांनी अध्यक्षांना "पुढे सरका" म्हणून खुर्ची आत घ्यायला लावली. खोली राहिली. तिने टेपची यादी दुरुस्त केली, आणि दर सोमवारी टेपवरची एखादी फाइल परत उतरवून ऐकायचा नियम केला. दुधाने तोंड पोळलं होतं. ताक फुंकून प्यायला तिची हरकत नव्हती.

महिन्याभराने, एका रविवारी, तो तिच्या घरी आला. वहिनीने दारातच त्याला आपादमस्तक न्याहाळलं आणि "या, टेप पाहायला मिळाली नाही, निदान तुम्ही तरी," असं म्हणून त्याला गोंधळात टाकलं. भाऊ अबोल. तो आणि मास्तर अर्धा तास समोरासमोर बसून होते आणि दहा वाक्यं झाली असतील. नंतर स्वयंपाकघरात येऊन भाऊ बायकोला म्हणाला, की माणूस चांगला आहे, उगाच तोंडाची टकळी चालवत नाही.

संध्याकाळी ती त्याला पोचवायला बसथांब्यापर्यंत गेली. भुरभुर पाऊस होता, छत्री एकच. पहिली बस त्याने सोडली. दुसरी तिने सोडायला लावली. तिसरी खचाखच भरून आली आणि थांबलीच नाही, म्हणून दोघं चालतच निघाले.