अजून एक खेप

शेकोटीत दोन लाकडं सारून जुजुभाईकाका बसले. मैदानावर पहाऱ्याला पाच पोरं होती. सकाळी परदेशी संघ उतरणार होता. खेळपट्टीवर कव्हर घातलेलं होतं.

"झोप येतेय ना? मग ऐका. माझ्या ओळखीच्या माणसावर बेतलेली गोष्ट आहे. खोटी निघाली तर या शेकोटीत हात घालीन."

"काका, गेल्या खेपेलाही घालणार होतात," बिकेश म्हणाला. पोरं हसली.

"हस लेका. थोड्या वेळाने बघू."

नि काका सांगू लागले.

पंचलाल याच मैदानाची खेळपट्टी करायचा. बारा वर्षांपूर्वीची फाल्गुनातली एकादशी. दुसऱ्या दिवशी इथला पहिला आंतरराष्ट्रीय सामना होता. रात्री पावणेदोनला वारा सुटला. कव्हर उडू नये म्हणून कडेने वाळूच्या पिशव्या ठेवायला पंचलाल एकटाच निघाला. काम पाच मिनिटांचं.

त्याला महिनाभर झोप नव्हती. खेळपट्टीची काळी माती नदीकाठच्या भुयारातून यायची. तिथे खणायला बंदी होती. मैदानाच्या साहेबांना ते ठाऊक होतं, पण माती तिथलीच हवी होती. ती आणायचा बेखानारान. खांद्यावर कावड, दोन टोपल्या, पाय अनवाणी. आला की विचारायचा, "कुठे टाकू, दादा?"

सामन्याच्या महिनाभर आधी खेळपट्टी झाली, पण उत्तरेच्या टोकाला एक खळगा राहिला. पंचलाल म्हणाला, "बेखा, अजून एक खेप आण."

"दादा, भुयाराला भेग पडलीय. चार दिवस जाऊ देत."

"उद्या साहेब बघायला येतायत. बायकोने पदराला बांधून ठेवलाय का तुला? जा."

बेखा हसला नि गेला. भुयार बसलं. संध्याकाळी त्याचं प्रेत बाहेर काढलं, तेव्हा कावड काही सापडली नाही.

चौकशीत साहेबांनी विचारलं, "तुम्ही पाठवलं होतं?" त्यांच्या डोळ्यांत उत्तर आधीच लिहिलेलं होतं. पंचलालची नोकरी अजून कायम व्हायची होती.

"नाही साहेब. आमची माती आदल्या दिवशीच पुरी झाली होती."

झालं! बेखा चोर ठरला. त्याची बायको चिरीमाया फाटकाशी आली. "भाऊ, मला काही नको. तो तुमच्या कामाला गेला होता, एवढं चौकात सांगा. चोरी करताना मेला म्हणतात. माझी पोरगी शाळेत जात नाही हो."

पंचलाल पायाकडे बघत राहिला. पंधरा दिवसांनी तो कायम झाला. थू असल्या नोकरीवर!

तर त्या रात्री त्याने तिसरी पिशवी ठेवली. मागे आवाज आला.

कर्र... कर्र...

ओझ्याने वाकणारी कावड. रोज ऐकलेला आवाज. तो वळला नाही. वळवेना.

अनवाणी पावलं. दवातून. हळू.

मग धप्प. एक टोपली. जरा वेळाने दुसरी.

दमलेल्या माणसाचा श्वास... अगदी मानेजवळ. ओल्या मातीचा वास.

"कुठे टाकू, दादा?"

...

पंचलालने बॅटरी लावली तेव्हा कुणी नव्हतं. गवतावरचं दव मोडलेलं नव्हतं. उत्तरेच्या टोकाला काळ्या मातीचे दोन ढीग होते. ओले. पाणी निथळत होतं.

उजाडायच्या आत त्याने ती माती नाल्यात फेकली. आपला संघ जिंकला. साहेबांनी त्याची पाठ थोपटली. संध्याकाळी तो चिरीमायाकडे गेला नि ओट्यावर बसून सगळं बोलला.

"मला काय सांगता?" ती म्हणाली. "मला पहिल्यापासून माहीत होतं. खाली चौकात सांगा."

तो चौकात आला. तिथे विजयाचे ढोल वाजत होते, लोक नाचत होते. कुणीतरी त्याच्या कपाळाला अबीर लावला. तो तसाच घरी गेला. नंतर प्रत्येक सामन्याच्या आदल्या रात्री माती आली, प्रत्येक पहाटे त्याने ती फेकली. गेल्या पौषात तो वारला.

शेकोटी विझत आली होती. कुणी लाकूड घातलं नाही.

"काका," बिकेशने हळूच विचारलं, "पंचलालने खेप आणायला सांगितलं, ते आणखी कुणी ऐकलं नव्हतं?"

काकांनी शेकोटीत एक लाकूड सारलं.

"रोलरवर एक जण होता. त्याला कुणी विचारलं नाही... नि तोही बोलला नाही. त्यालाही कायम व्हायचं होतं." त्यांनी तोंडावरून हात फिरवला. "बेखा चोर नव्हता. आमच्याच कामाला गेला होता. तुम्ही पाच जणांनी ऐकलंत. उद्या चौकातही मीच सांगणार आहे."

वारा सुटला. पिशव्या ठेवायला पाचही पोरं एकमेकांना धरून गेली.

सकाळी कव्हर काढलं. उत्तरेचं टोक कोरडं होतं. मातीचा कण नव्हता.

फाटकाशी मात्र एक कावड टेकवून ठेवलेली होती. मधोमध खांद्याने घासून गुळगुळीत झालेली. टोपल्या रिकाम्या, दोऱ्यांना ओली काळी माती.

साहेबांची गाडी आली. "हा कचरा कुणी आणून टाकला? पाहुणे येतायत, उचला!"

एकही पोरगं पुढे होईना. जुजुभाईकाकांनी ती कावड खांद्यावर घेतली आणि चौकाच्या वाटेने चालू लागले. टोपल्या रिकाम्या होत्या. तरी वळणापर्यंत पोरांना ऐकू येत होतं... कर्र... कर्र...