दादाची चावी

हे खरं घडलं आहे, असं लिहितानाही माझा हात अडखळतो. मी आयुष्यभर छापखान्यात मुद्रितं तपासली. चूक आधी आपल्यातच शोधायची, ही सवय लागली आहे. तेव्हा माझे कान वाजले असतील, डोळ्यांनी दगा दिला असेल, हे सगळं मी धरून चाललो आहे.

तरीही एक चावी उरते.

शनिवार होता. दिवेलागणीची वेळ. आमचं घर गल्लीच्या टोकाला, लाकडाच्या वखारीला लागून. वखार बंद झाली की तिथे पाऊलही वाजत नाही.

घरात मी एकटा.

पूर्वी आम्ही दोघं होतो. मी आणि माझा थोरला भाऊ. लग्न दोघांचंही राहिलं. दादाला वेळ झाला नाही आणि मला धीर झाला नाही. तो हाडाचा ड्रायव्हर. जुन्या पिकअपमधून लोकांचं फर्निचर पोचवायचा. मी दचकतो म्हणून घराशी कधी हॉर्न वाजवायचा नाही. फाटकापाशी थांबून एकदाच रेस द्यायचा... घुर्रर्र.

"मास्तर, या पुस्तकातून बाहेर! फाटक उघडा!"

मी कधी कुठल्या शाळेत शिकवलं नाही. पण त्याच्या लेखी मी मास्तरच.

गेल्या हिवाळ्यात दादा गेला.

गाडी विकवेना. चालवायला त्यानंच शिकवलं होतं, यथेच्छ शिव्या घालून. बाजारहाटासाठी मी ती काढू लागलो. पहिल्याच दिवशी परत आलो, फाटकापाशी हँडब्रेक ओढला आणि इंजिन चालू ठेवून खाली उतरलो. कडीला हात लावला...

मागे गाडीनं रेस दिली.

एकदाच.

वळून पाहिलं. सीट रिकामी.

भ्यायलो का? भ्यायलो. पण दुसऱ्या दिवशी घरात भाजी असूनही मी भाजी आणायला निघालो.

मग ते रोजचंच झालं. मी उतरायचो, कडीला हात लावायचो, मागून घुर्रर्र यायचं. "उघडतोय रे बाबा," असं मी म्हणायचोसुद्धा. दिवसभरात मोठ्यानं बोललेलं तेवढंच एक वाक्य असायचं.

पण गाडीचं दुखणं वाढत चाललं. काचेसमोर पिवळा दिवा कायमचा पेटलेला. एकदा पुलाच्या चढावर इंजिन गपकन बंद पडलं, तेही मागे भरलेला टँकर असताना. टँकर माझ्यापासून हातभर अंतरावर थांबला. गाडी कशीबशी पुन्हा चालू करून मी गॅरेज गाठलं.

मिस्त्री दादाचा जुना दोस्त, वयानं आमच्याहून बराच लहान. त्यानं स्कॅनर लावला. पुन्हा लावला. मग डॅशबोर्डखालून बोटभर जाडीचा एक चपटा डबा काढला.

"काका, हा इंजिनचा कंट्रोल मॉड्यूल. गाडीचा मेंदू म्हणा ना. काचेच्या रबरातून पाणी झिरपलंय, हे बघा."

पिना हिरव्या पडल्या होत्या. त्यानं झाकण उघडलं. आत सगळं कुजलेलं.

"बदलायलाच हवा?"

"बदलायचं काय विचारता? हा कधीच मेलाय! मला कळत नाही, गाडी इथवर आली कशी. तुम्ही चालवत होता की गाडी तुम्हाला चालवत होती?"

तो हसला. मला हसता आलं नाही. फाटकापाशी ती रेस हाच डबा देत असेल का? बिघडलेला मेंदू बरळावा तशी? मग डबा बदलला की तेही संपणार. नाही म्हणावं, असं मनात आलं. पण पुलावरचा टँकर आठवला.

नवा डबा यायला आठवडा गेला. त्या शनिवारी दुपारी मी गॅरेजमध्ये स्टुलावर बसून होतो. मिस्त्रीनं बॅटरीची वायर सोडली, डबा बसवला, वायर परत जोडली. मग म्हणाला, "आता याला चावीची ओळख करून द्यायची. ओळख नसेल तर हा कुणाला गाडी चालू करू देत नाही. चाव्या किती?"

"दोन. ही माझी. दादाची घरी खिळ्याला आहे."

"ती पण हवी होती हो. सगळ्या एकदमच कराव्या लागतात. जाऊन आणता का? थांबतो मी."

त्याची जेवायची वेळ टळून गेली होती. मला कुणाला ताटकळत ठेवायचा संकोच वाटतो.

"राहू द्या," मी म्हणालो, "ती आता कोण वापरणार?"

ड्रायव्हरच्या बाजूचा दरवाजा उघडा होता. तो सावकाश फिरला आणि लागला... खट्.

वारा नव्हता.

गाडी लोण्यासारखी चालत घरी आली. फाटकापाशी उतरलो. कडीला हात लावला. थांबलो.

इंजिन एका लयीत चाललं होतं. आज्ञाधारक. परकं.

"उघडतोय रे," मी म्हणालो.

काही नाही.

गाडी आत घेतली. फाटक लावलं. दिवेलागणीला दिवा लावून पुस्तक उघडलं. एकच ओळ किती वेळ वाचत होतो कोण जाणे.

तेवढ्यात अंगणात गाडीचं दार लागलं. दाणकन. दादा लावायचा तसं.

मग...

स्टार्टर फिरला. घर्र, घर्र, घर्र. इंजिन धरेना.

शांतता.

पुन्हा घर्र, घर्र... या वेळी जास्त वेळ. अजिजीनं म्हणावं तसं.

मी उठून खिशावर हात ठेवला. माझी चावी खिशातच होती.

बाहेर यायला मला फार वेळ लागला, हे कबूल करतो. गाडीत कुणी नव्हतं. फाटकाची कडी लागलेली. पण काचेआड एक लाल ठिपका लुकलुकत होता. चावीचं चित्र. चावी अनोळखी असली की पेटतं, असं मिस्त्री दुपारीच म्हणाला होता.

स्विचमध्ये दादाची चावी होती.

अजून हलत होती.

घरात येऊन पाहिलं. खिळा रिकामा.

सोमवारी गॅरेज उघडायच्या आधीच मी दारात उभा. दोन्ही चाव्या पुढे केल्या.

"काका, तुम्हीच म्हणालात ना, कोण वापरणार?"

"म्हणालो होतो."

मिस्त्रीनं माझ्या हातातल्या चाव्या घेतल्या. दोन्ही चाव्यांची ओळख करून दिली. दादाच्या चावीनं गाडी चालू करून दाखवली. पहिल्याच फटक्यात झाली.

ती चावी आता पुन्हा खिळ्याला आहे. येता-जाता मी पाहतो. जागची हललेली नाही. संध्याकाळी काम नसताना गाडी काढतो, वळसा घालून परत येतो, उतरतो, कडीला हात लावून उभा राहतो. मागून रेस येत नाही. वखारीचा रखवालदार परवा म्हणाला, "काका, कडी गंजलीय का? तेल देऊ?"

मी हो म्हणालो.

गाडीला त्याची ओळख पटली आहे. पण गॅरेजमध्ये ‘ती आता कोण वापरणार?’ असं मी बोललो तेव्हा तो तिथेच होता. ते त्यानं ऐकलं.

उघडतोय रे, असं मी अजून म्हणतो.