थोरलीच्या वाट्याचे बाबा

"आण इकडे, मी करते इस्त्री," धाकटी म्हणाली आणि बाबांचा लष्करी कोट तिने थोरलीच्या हातातून इतक्या सहज काढून घेतला, की थोरलीच्या काळजात कळ उठली. जिवंतपणी बाबांचं सारं कौतुक हिच्याच पदरात पडलं… आता त्यांचा कोटही हिलाच हवा!

दुपारी माजी सैनिकांच्या सभागृहात बाबांची स्मृतिसभा होती. मुलीच्या नात्याने दोन शब्द बोलावेत म्हणून अध्यक्षांचा फोन आला होता, तो डॉक्टर झालेल्या धाकटीला. बाबांना मुलगी जणू एकच होती! घरी बसून लोकांचे कपडे शिवणारी दुसरी कोणाच्या लक्षात राहणार…

आई गेली तेव्हा बाबा सैन्याच्या पूल बांधणाऱ्या तुकडीत होते. नोकरी सोडून ते परतले, शाळेची बस चालवू लागले आणि लेकींची आईसुद्धा झाले. दोरखंडाच्या गाठी मारायला सरावलेल्या बोटांनी ते दोघींच्या वेण्या घालायचे, आणि त्या वेण्या अशा पक्क्या बसायच्या की सोडवताना पोरींच्या नाकी नऊ यायचे. शेजारणी हसत, पण बाबा बधत नसत. "माझी गाठ सुटणार नाही," अशी त्यांची ऐट.

पण सैन्यातून ते एकटे आले नव्हते. एकदा अर्धवट बांधलेल्या पुलावर नदीचा लोंढा कोसळला होता आणि काठावर दोर धरून उभ्या असलेल्या बाबांच्या डोळ्यांदेखत त्यांची माणसं वाहून गेली होती. तेव्हापासून वाहत्या पाण्याचा आवाज त्यांना सोसत नसे. थोरली शाळकरी असताना एकदा तिने नळ सोडला आणि वळून पाहते तो बाबा भिंतीशी अंग चोरून बसलेले, कानांवर हात, ओठांवर बुडालेल्यांची नावं… ती घाबरली, पण पळाली नाही. पाठीवर हात फिरवत बसून राहिली. भानावर आल्यावर बाबा म्हणाले, "धाकटीला कळू देऊ नकोस. तिच्यापुढे तरी मला धड राहू दे."

तिने शब्द दिला आणि आयुष्यभर पाळला. बाबा बाहेर गेले की ती पाणी भरून ठेवी. एका घड्याळजीने तिला मागणी घातली होती. माणूस सालस होता, तिलाही आवडला होता. पण बाबांना कोणाच्या स्वाधीन करायचं, या विचाराने तिने नकार दिला आणि त्याच्या दुकानाच्या रस्त्याने जाणंच सोडलं.

आणि धाकटी सुट्टीला यायची, तेव्हा तेच बाबा दाढी करून, कडक सदरा घालून, दारात उभे! काय ते हसणं, काय त्या गप्पा… ती गेली की अंथरुणाला खिळायचे, आणि त्यांचं कण्हणं थोरलीच्या वाट्याला यायचं. ते हसू एकदा तरी आपल्यासाठी असावं, या इच्छेने तिचा जीव किती जळला होता, हे तिचं तिलाच ठाऊक.

"ताई, एक विचारू?" इस्त्री उभी करून धाकटी थांबली. "बाबांना माझ्याकडे का येऊ दिलं नाहीस? मी न्यायला आले, तर दारातच म्हणालीस, त्यांना जमणार नाही. मी साधा नळ सोडला तरी अंगावर यायचीस. बाबांना बरं नसलं की खोलीचं दार लावून घ्यायचीस. तुला ते एकटीला हवे होते."

उत्तर थोरलीच्या जिभेवर आलं. एका वाक्यात धाकटी गप्प झाली असती… पण दिलेला शब्द आडवा आला.

"हो," ती म्हणाली, "हवे होते." आणि तेही काही खोटं नव्हतं.

"पुरे झालं, थोरले." दारात टकलूकाका उभे होते. बाबांच्या तुकडीतले सोबती. दोघींना सभेला न्यायला आले होते. "शब्द तू दिलास, मी नाही. मी बोलणार." त्यांनी धाकटीला समोर बसवलं आणि पूल, लोंढा, नळ, सारं सांगून टाकलं. "तुझ्याकडे यायला त्यानंच नकार दिला, पोरी. मी समजावलं होतं त्याला. तर म्हणाला, तिथं रोज कडक इस्त्रीत बसावं लागेल. थोरलीपाशी मला मोडून पडता येतं."

थोरलीने चटकन मान वर केली. हे तिला बाबा कधीच बोलले नव्हते…

धाकटी मात्र पांढरी पडली होती. "मी डॉक्टर आहे, ताई," ती कशीबशी म्हणाली. "दिवसभर माणसं माझ्यापुढे रडतात. माझा बाप तेवढा रडला नाही. मला पाहुण्यासारखं हसून दाखवलं त्यांनी… आणि तुला अख्खे बाबा मिळाले."

जिचा आयुष्यभर हेवा केला, तीच आज आपल्याकडे हेव्याने पाहते आहे! थोरलीने बाहीला टेकू पाहणारी तापलेली इस्त्री बाजूला सरकवली. कोट करपला असता.

सभेत अध्यक्षांनी डॉक्टरीणबाईंना बोलावलं. धाकटी उठली, माइकपर्यंत गेली. "मला बाबांचं हसणं तेवढं ठाऊक आहे," ती म्हणाली. "बाबा माझ्या ताईला ठाऊक आहेत. तिचंच ऐका."

थोरली वेण्यांबद्दल बोलली. म्हातारे सैनिक आधी हसले, मग रुमाल शोधू लागले. पाण्याबद्दल मात्र तिने चकार शब्द काढला नाही.

दोघी पायीच घरी निघाल्या. वाटेत धाकटी हळूच म्हणाली, "मला सांगशील? ते कसे रडायचे, तू काय करायचीस… सगळं."

थोरलीची पावलं थबकली. बाबांचं कौतुक, बाबांचं हसणं, सारं हिला मिळालं. आपल्यापाशी उरलं ते एवढंच. त्यातही हिला वाटा द्यायचा? क्षणभर जुना मत्सर उसळला… तिने बहिणीकडे पाहिलं. एवढी मोठी डॉक्टरीण, पण नाक पुसत, उत्तराची वाट पाहत रस्त्यात उभी होती.

"तसं झालं की आधी ते कोणाला ओळखायचे नाहीत," थोरलीने तिचा हात धरला आणि चालता चालता सांगू लागली. "मलासुद्धा नाही. पण शुद्धीवर येताना पहिलं नाव कोणाचं घ्यायचे, माहीत आहे? तुझं. विचारायचे, धाकटीनं पाहिलं तर नाही ना?"

हे वाक्य आजवर तिने स्वतःलाही मोठ्याने ऐकू दिलं नव्हतं.