थेंब्याचा लाल दिवा

आमच्या पोडावर (पोड म्हणजे आम्हा कोलामांची वस्ती) सगळ्यात जास्त उकळलेलं पाणी आमच्या घरचं, आणि सगळ्यात तपकिरी दात माझ्या भावाचे, गंगूचे. आठ वर्षांचा पोरगा, पण उठताना गुडघे धरायचा. शेजारच्या घरी पाणी कधी उकळतच नाहीत, तरी तिथली पोरं त्याच्यापेक्षा बरी. हे कसं काय?

दर महिन्याला तालुक्याहून थेंब्या नावाचा यंत्रमानव यायचा. बोअरच्या पाण्यात सोंड बुडवायचा, पोटावरचा हिरवा दिवा लावायचा आणि म्हणायचा, "पाणी शुद्ध आहे. तरी उकळून प्या." दिवा हिरवा, म्हणून टँकर नाही आणि नवी विहीरही नाही. माझी माय भारी आज्ञाधारक. ती हंडा अर्धा होईपर्यंत पाणी उकळायची.

एकदा मी चुलीवर डाळ विसरले. ती आटून इतकी खारट झाली की गंगूने थुंकून टाकली. माय ओरडत होती आणि मी हंड्याकडे बघत होते. डाळीतलं पाणी वाफ होऊन गेलं, मीठ तेवढंच राहिलं. मग हंड्यात काय राहत असेल?

थेंब्या आला तेव्हा मी त्याच्या वाटेतच बसले.

"रेणू टेकाम, वाट सोड."

"नाही सोडत. पाण्यात काय पाह्यतं तू?"

"जंतू (डोळ्यांना न दिसणारे, आजार पसरवणारे जीव)."

"अन् विरघळलेलं?"

"फ्लोराइड मोजता येतं. हा क्षार खडकातून पाण्यात उतरतो. जास्त झाला की दात आणि हाडं बिघडवतो. पण तो माझ्या यादीत नाही."

"काहून नाही?" माय मागून कडाडली. "आमचे लेकरं तुह्या यादीत नाहीत का?"

थेंब्यापुढे मायचा असा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. थेंब्याने गुपचूप मोजलं. एका लिटरमध्ये दीड मिलिग्रॅमच्या वर फ्लोराइड नको. बोअरच्या पाण्यात चार निघालं आणि मायच्या हंड्यात आठ! उकळल्याने जंतू मरतात, पण फ्लोराइड जात नाही. पाणी आटतं आणि ते दाट होतं.

मायने हंडा दूर सारला. "म्याच पाजलं वं त्याले," म्हणाली. मला रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला. चूक मायची नव्हती.

मी हंड्याचं झाकण उलटं करून सोंडेखाली धरलं. आत जमलेल्या थेंबांत फ्लोराइड जवळजवळ शून्य! वाफेबरोबर क्षार वर जात नाही. मग वाफच पकडायची. थेंब्याने रीत सांगितली: काळ्या पेटीत पाणी ओता, वर तिरपी काच लावा. उन्हाने वाफ होते, काचेवर थंड होऊन घरंगळते आणि नळीने मडक्यात पडते. याला ऊर्ध्वपातन म्हणतात. ऊन तर आमच्याकडे पोत्याने आहे.

आज दहा पेट्या झाल्यात, पण त्यांचं पाणी लेकरांपुरतंच होतं. गंगूचे दात आता पांढरे व्हायचे नाहीत. गुडघे मात्र आम्ही वाचवणार.

त्या दिवशी निघताना थेंब्या सवयीने हिरवा दिवा लावायला गेला.

"लाल लाव," मी म्हटलं. "टँकर येऊ दे. विहीर होऊ दे."

दिवा लाल झाला आणि जमलेलं अख्खं पोड आनंदाने ओरडलं. थेंब्याला पुढच्या पोडावर जायचं होतं. मी चुलीतला कोळसा घेतला आणि त्याच्या पोटावर लिहिलं, 'आधी फ्लोराइड मोज.'

"हे पुसायचा आदेश येईल," तो म्हणाला.

"येऊ दे. म्या पुन्हा लिहीन."