या कधी राहुरीला

आमच्या ह्यांना आमंत्रणं वाटायची खोड आहे. गुवाहाटीहून राहुरीला आम्ही दोघं पेन्शनर आपल्या गाडीनं परत येत होतो, तर वाटेतला चहावाला म्हणू नका, टोलनाक्यावरची पोरगी म्हणू नका, "या कधी राहुरीला, घरीच उतरा" म्हटल्याशिवाय ह्यांनी कुणाला सोडलं नाही. बिहारातल्या पंक्चरवाल्याला मराठीचा गंध नव्हता. तोही बिचारा मान डोलवत राहिला.

गाडी लेकीची, यामिनीची. तिची गुवाहाटीहून परदेशी बदली झाली. मुलगा अनीश म्हणाला, "गाडी ट्रकवर घालू, तुम्ही विमानानं या. या वयात नागपूरसुद्धा गाठणार नाही तुम्ही." हे मला फार झोंबलं. साठीनंतर गाडी शिकले तेव्हाही तो असाच हसला होता. नागपूर गाठल्यावर मी त्याला संत्र्यांचा फोटो पाठवला. खाली एक शब्द लिहिला नाही.

परभणी मागे टाकल्यावर एका उसाच्या फडाजवळ डबा खायला थांबलो. तोड उरकून टोळी पुढे गेलेली, त्यांच्या पाचटाच्या झोपड्या, कोप्या, तेवढ्या रिकाम्या उभ्या. एका कोपीच्या दाराशी एक बाई पदर ओढून, पाठमोरी बसली होती.

"एकट्याच का हो?" हात धुता धुता ह्यांनी विचारलं. "गाव कुठलं?... पाथर्डीकडचं? अहो, मग आमच्याच जिल्ह्यातल्या! चला की आमच्याबरोबर, घरी या."

बाईचं बोलणं मला ऐकूच आलं नाही. डबे आवरून मी वळले तर दाराशी कुणी नव्हतं.

ह्यांनी गाडी सुरू केली आणि मागचा सीटबेल्ट लावा म्हणून ती पिं पिं करू लागली. मागे कुणी बसलं तरच वाजते ती. मागे माझी शाल होती फक्त. मग वास आला, जळक्या पाचटाचा आणि आंबलेल्या रसाचा. काचा खाली केल्या तरी जाईना.

गेवराई गेली आणि ह्यांचं बोलणं बंद झालं. चाळीस वर्षांच्या संसारात ह्यांचं तोंड बंद झालेलं मी पाहिलं नव्हतं. गाडी कडेला घ्यायला लावून हात धरला तर बर्फ. ओठ काळे पडत चाललेले.

"इंदू... घरी न्यायचंय हिला... बोलावलंय मी..."

पाठीमागून कुणीतरी सावकाश श्वास घेतला.

ही आपल्या उंबऱ्यापर्यंत आली तर हे जिवंत पोचत नाहीत, एवढं मला लख्ख कळलं. भीती वाटली. तरी ह्यांना बाजूच्या सीटवर ढकललं आणि चाक मी धरलं. पाहुण्याला हाकलायचं नसतं, पण त्याच्या घरी तर सोडता येतं ना? आरशात न बघता म्हटलं, "बाई, आमचं घर राहू द्या. तुमचं सांगा. मी सोडते."

 अगदी कानाशी आवाज आला... "डाव्या अंगाला घ्या..."

पाथर्डीच्या अलीकडे कच्च्या रस्त्याला लागलो. तिन्हीसांजेला गाव आलं. सगळं गाव ऊसतोडीला गेलेलं, दारांना कुलपं. वेशीवर एकटी म्हातारी बसली होती, पुढ्यात तांब्या आणि भाकरी. हंगामाहून परतलेल्या माणसावरून इथं भाकरतुकडा ओवाळून टाकतात, म्हणजे वाटेतलं काही गावात शिरत नाही.

"कोन हाय?"

"तुमच्या गावची एक बाई आणलीय."

म्हातारी उठली. मागचं दार तिनंच उघडलं. रिकाम्या सीटवरून तुकडा ओवाळला, लांब फेकला, पाणी सांडलं.

"आलीस व्हय मनकर्णा... लई वाट बघितली गं, सूनबाई."

ओझं उतरल्यासारखी गाडी मागून वर उचलली गेली. वास गेला. हे खोकले, डोळे उघडले आणि म्हणाले, "इंदू, भूक लागली गं."

मग काय विचारता! करंजीचा घाट मी हॉर्न वाजवत उतरले. रडत होते आणि मोठ्यानं हसत होते. राहुरीत फाटकाशी अख्खी कॉलनी जमलेली. अनीश पुण्याहून आलेला. फटाक्यांची माळ लागली, कुणी पेढे आणले. मी चाकामागून उतरले तर पोरगं बघतच राहिलं.

"आई, तू चालवलीस?"

"घाटसुद्धा," मी म्हटलं. त्यानं वाकून नमस्कार केला. आम्ही निघालो तेव्हा कॉलनीतली चार शहाणी माणसं आमच्यावर हसली होती, तीच आता ह्यांच्याकडून रस्ता समजून घेत होती. एवढी छाती फुगली होती माझी!

रात्री अंथरुणावर हे म्हणाले, "मनकर्णा उतरताना म्हणाली, 'आता तुमी बी या आमच्याकडं, दोगंबी.' एवढ्या आग्रहानं बोलावलं, नाही कसं म्हणू? येतो म्हटलं. पाडव्याला न्यायला येणार आहे."

आज पाडवा. गुढी मी उभारली. गाडीची किल्ली कनवटीला आहे, आणि मीही काही कच्च्या गुरूची चेली नाही. एकदा सोडून आलेय, पुन्हा सोडून येईन. तुम्ही चहा घ्या, गार होतोय. बाहेरच्या खोलीत हे एकटेच आहेत, पण मघापासून हळू आवाजात बोलताहेत... ऐका...

"बसा हो. इंदूला तयार होऊ द्या."