ताटातला शेवटचा घास

ही गोष्ट खोटी असती तर मला बरंच वाटलं असतं. पण आमच्याच घरातली आहे, आणि खरी आहे.

साल १९५४. मध्य भारत राज्याचे दिवस. इंदूर, परदेशीपुरा. श्रावणी सोमवार, दिवेलागणीची वेळ.

अच्युतमामा, म्हणजे माझ्या आईचे थोरले भाऊ, झाबुआकडच्या एका मँगनीजच्या खाणीत ओव्हरसियर होते. खनिज धुतलं की काळा गाळ उरायचा. मातीची पाळ घालून तो मागे अडवलेला. पाळीखाली भिलांची वस्ती.

महिन्यातून एकदा मामांनी त्या पाळीवरून अनवाणी चालायचं. तळव्याला ओल लागली की काम बंद करायचं, आणि काय दिसलं ते पाहणीच्या वहीत लिहायचं. रीतच होती तशी.

शनिवारी पाळ फुटली.

सोळा झोपड्या गाळाखाली गेल्या.

"पाऊसच तसा झाला," मामा घरी येऊन म्हणाले. मंगळवारी चौकशीतही हेच सांगायचं होतं.

सोमवार सोडायला ते पाटावर बसले. कुमुदिनीमामींनी वाढलं. पुढचं सगळं मला त्यांनीच सांगितलं. मामांनी ताटाभोवती पाणी फिरवलं...

पाणी काळं झालं.

"अहो, हात धुतलेत ना?" मामी म्हणाल्या.

मामांनी पहिला घास घेतला. जेवणावरून उठू नये, म्हणून खाली मान घालून जेवत राहिले.

बाहेर पाऊस दिसत होता, पण पागोळ्यांचा आवाज नव्हता. बेडूक गप्प. मिलचा भोंगा त्या संध्याकाळी वाजलाच नाही... निदान आमच्या घरात तरी.

मग ओसरीवरून, जेवण झालं का विचारणारा बाईचा आवाज आला. हळू, अदबीनं...

"जीम लिया, साब?"

मामांचा हात थबकला. ताटात एकच घास उरला होता.

मामी कंदील घेऊन बाहेर गेल्या. कुणीच नव्हतं.

कठड्यावर ओल्या काळ्या गाळाचा गोळा होता. त्यावर चार बोटांचे ठसे.

"कठड्यावर गाळाचा गोळा ठेवलाय. कोण होती हो?"

"थावरी," मामा म्हणाले. "त्या वस्तीतली. गुरुवारी मी विश्रामगृहात जेवत होतो, तेव्हा आली. हातात पाझरत्या पाळीचा असाच गोळा. म्हणाली, पाळ पसीज री हे साब, चालो, देख लो."

"मग?"

"भरल्या ताटावरून कसा उठणार? म्हटलं, बैठ, जीमके देखता हूँ."

"आणि जेवल्यावर?"

"पाऊस होता गं. चिखलात अनवाणी कोण उतरणार... जरा डोळा लागला. उठलो तर ती नव्हती. गोळा कठड्यावर होता."

"आणि वहीत काय लिहिलंत?"

मामांनी ताटाकडे बघत सांगितलं. "पाळ कोरडी."

मामी समोर बसल्या. "उद्या हे सगळं सांगा. जसंच्या तसं."

"नोकरी जाईल."

"जाऊ दे. मी पापड लाटीन. तुम्ही वाळत घाला."

तेवढ्यात पुन्हा... या खेपेला उंबऱ्यापासून.

"जीम लिया, साब?"

मामांनी उचललेला घास ताटात परत ठेवला.

"अभी नहीं," ते म्हणाले. "जीम रहा हूँ."

आणि पागोळ्या वाजायला लागल्या.

मंगळवारी त्यांनी चौकशीत पाऊसच सांगितला. नोकरी टिकली, बढतीही मिळाली. तिकडच्या नाल्यात पुढं कितीतरी वर्षं मासा दिसला नाही, शेतांवरचा काळा थर निघाला नाही. उरलेले लोक वस्ती सोडून गेले. थावरी सापडलीच नाही.

त्यानंतर तीस वर्षं मामांनी एकही जेवण संपवलं नाही. लग्नात असोत की सराफ्यातल्या खाऊगल्लीत, एक घास उरायचाच. लहानपणी मी चिडवायची, "मामा, ताटात टाकायला आपण काय होळकर आहोत?" सगळे हसायचे. मामी हसायच्या नाहीत.

मामा गेले, तेव्हाही ताटात एक घास होता.

तेराव्याला आम्ही पंगतीत बसलो. मला सगळं ठाऊक होतं, तरी बोलण्याच्या नादात माझं ताट रिकामं झालं. भर दुपार. पंगतीचा गलका एकदम ऐकू येईनासा झाला...

मागून, अगदी अदबीनं, कुणीतरी विचारलं.

"जीम लिया?"

मागे वळून म्हणायला हवं होतं, हो बाई, चल, दाखव.

मी वाढणाऱ्याला खूण केली आणि घासभर भात परत घेतला.

तो अजून रोज ठेवते.