दुक्ममधला बर्फ

इलेन तुस्कानोला जॉर्डन परेरा पहिल्यांदा दिसला तेव्हा त्याची गाडी अर्ध्या चाकापर्यंत वाळूत रुतली होती आणि गळ्यात टाय बांधलेला तो भला माणूस दोन्ही हातांनी वाळू उपसत होता.

इलेन फावडं घेऊन आली. डोक्याला टोपी, तोंडाला ओढणी, बाहेर फक्त डोळे.

"टाय लावून वाळू उपसायला आलाय," ती स्वतःशीच पुटपुटली.

"मला... मराठी समजतं हां," तो म्हणाला. "बोलायला जरा... मी मस्कतलाच वाढलो ना."

तिनं ओढणी खाली केली. गडी बघतच राहिला. मग घाईघाईनं टाय सारखा करू लागला, जणू काही बिघडलं होतं ते तिथंच!

ओमानच्या वाळवंटी किनाऱ्यावरच्या दुक्ममधल्या त्या मोठ्या वसाहतीचा हा नवा प्रॉपर्टी मॅनेजर. वसाहतीची झाडं, हिरवळ आणि रस्ते सांभाळायचं कंत्राट इलेनच्या कंपनीकडे होतं. हाताखाली चौदा पुरुष, आणि त्यांच्यावर ही एकटी वसईची पोर. कुणाची टाप नव्हती तिच्यापुढे आवाज चढवायची.

महिन्याच्या शेवटी जॉर्डन टॅबलेट घेऊन तिच्यासमोर बसला.

"इलेन मॅडम, या फॉर्ममध्ये एक ओळ आहे... बर्फ काढणे. आणि इथं लिहिलंय, मागच्या वर्षी मे महिन्यात एकतीस ट्रक. दुक्ममध्ये बर्फ?"

"पडतो की! स्वेटर नाही आणलात?"

तो गोंधळला. इलेनला हसू आवरेना. फॉर्म बनवणारी मुख्य कचेरी कुठल्याशा थंड मुलखात. त्यांच्या फॉर्ममध्ये वाळूला ओळच नव्हती. मग उपसलेली वाळू सहा वर्षं बर्फाच्या रकान्यात जात होती.

"यंदा किती लिहू?"

"पाच ट्रक."

"एकतीसवरून पाच?"

"चला, दाखवते."

तिनं त्याला नैर्ऋत्येच्या कडेला नेलं. तिथं झावळ्यांचं लांबलचक कुंपण उभं होतं, आणि त्याच्या आडोशाला गुडघ्याएवढी गाफ या वाळवंटी झाडाची एकशे बारा रोपं. वसईत तिचे पप्पा पानवेलींना वाऱ्यापासून असंच जपायचे. इथल्या खजुराच्या छाटलेल्या झावळ्या फेकून देण्याऐवजी तिनं त्या बांधल्या होत्या. वाळू कुंपणापाशीच बसायची. गाफ मोठे झाले की कुंपणाचीही गरज उरणार नव्हती.

"हे... तुम्ही केलंत?" जॉर्डन हळूच म्हणाला.

"माझ्या माणसांनी. डोकं माझं."

त्यानंतर तो रोज संध्याकाळी कुंपणाकडे येऊ लागला. कारण काय, तर पाहणी! कसली पाहणी, ते चौदाही जणांना कळलं होतं. त्यांच्यातला यूनुस तर त्याला बघितलं की मुद्दाम लांबची झाडं शिंपायला निघून जायचा. जॉर्डन झावळी बांधायला शिकला, हात ओरखडून घेतले... आणि इलेन संध्याकाळ व्हायची वाट बघू लागली. अर्थात, कबूल कोण करतंय!

जूनमध्ये मेल आला. मालकांचे प्रतिनिधी महमूद गुरुवारी येणार. कुंपण नकाशात नाही, गबाळं दिसतं, त्याआधी रोपांसकट काढून टाका. हुकमावर जॉर्डनची सही हवी होती.

"केलीत सही?" तिनं विचारलं. मान ताठ.

"अजून नाही."

"करा. पण माझ्या माणसांच्या हातानं मी ते उपटणार नाही. त्याआधी मी मस्कतची गाडी पकडीन."

जॉर्डन टॅबलेट उचलून चालता झाला. इलेनला वाटलं, संपलं. गाफही गेले आणि... हाही.

बुधवारी वारा सुटला. रात्रभर दारं-खिडक्या थडथडत होत्या. गुरुवारी सकाळी कुंपण नसलेल्या पूर्वेच्या फाटकावर कंबरभर वाळू साचली होती. नैर्ऋत्येच्या रस्त्यावर मात्र डांबर काळंभोर दिसत होतं. महमूदसाहेबांची गाडी त्याच रस्त्यानं न अडखळता आत आली.

जॉर्डननं टॅबलेट पुढे धरला. "सर, मी सही केलेली नाही. हा मागच्या वर्षीचा बर्फ, हा यंदाचा. हे काढायचं असेल, तर त्यावर सही करणारा मॅनेजर दुसरा बघा."

महमूद बर्फावर खळखळून हसले. मग कुंपणापाशी गेले आणि झावळीवरून हात फिरवला. "हमारे गाँव खाबूरा में मेरी अम्मी भी ऐसा बांधती थी," ते म्हणाले. "किसने बनाया?"

"मी," इलेन म्हणाली. चौदा माणसं तिच्या मागे छाती काढून उभी होती.

"रहने दो. और पूर्व का फाटक भी यही संभालेगी. खलास."

संध्याकाळी जॉर्डन कुंपणापाशीच सापडला, सुटलेली एक झावळी बांधताना.

"नोकरी पणाला लावलीत?" ती म्हणाली. "झाडांसाठी?"

"झाडांसाठी पण." तो गाठीकडेच बघत राहिला. "मुख्य कचेरीनं विचारलंय, बर्फ कुणी थांबवला? मी तुमचं नाव लिहिलं. लिहिताना इतका अभिमान वाटला की... इलेन, माझं मराठी कच्चं आहे, पण हे नीट सांगतो. माझं तुमच्यावर प्रेम आहे."

इलेनच्या डोळ्यांत पाणी आलं. डोळ्यांत वाळू गेली म्हणायचीही सोय नव्हती, वारा पूर्ण पडला होता. तिनं त्याची गाठ ओढून बघितली. सुटली.

"परत बांध," ती म्हणाली. तुम्हीवरून ती तूवर कधी आली, तिचं तिलाही कळलं नाही. "पप्पा बघायला येतील तेव्हा सुटायला नको."

"पप्पा... येणार?"

"जावई कसा आहे ते बघायला नको का? बांध लवकर, काळोख पडतोय."